हनुवटीखालची तबकडी

मित्रांनो, मला दुकानात पाहिलेत तर पूजेचे ताट समजून घरी न्याल. तुमची चूक नाही. नाशिकच्या ज्या तांबटाने मला ठोकून घडवले, त्याने त्याच दिवशी आरतीची चार तबकेही घडवली होती. ती देवघरांत गेली. मला मात्र एक लाकडी मूठ बसली, सोन्याचे पाणी चढले आणि मी कॅथलिक चर्चमध्ये आले. त्याला चाळीस वर्षे झाली. कडेचा मुलामा उडाला आहे, पण कोणी जुनी म्हटले की मला अजून राग येतो.

माझे काम सोपे. मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर गव्हाची पातळ चकती उचलून म्हणतात, "ख्रिस्ताचे शरीर." समोरचा "आमेन" म्हणून जीभ पुढे करतो. तेव्हा प्रसादाचा कण सांडू नये म्हणून मला त्याच्या हनुवटीखाली धरतात. ज्यांना हा प्रसाद घेता येत नाही, ते छातीवर हात दुमडून येतात. फादर त्यांना नुसता आशीर्वाद देतात. माणसे मी खालूनच ओळखते. दाढी कोणी केली नाही आणि कवळी कोणाची हलते, हे मला विचारा.

माझे सुखाचे दिवस सनीच्या हातात गेले. तो सातपूरच्या कारखान्यात फिटर. दहा वर्षे दर रविवारी त्याने मला धरले आणि मऊ कापडाने पुसले. कोरोनात लोक प्रसाद तळहातावर घेऊ लागले आणि मी कपाटात धूळ खात पडले. साथ ओसरल्यावर सनीनेच मला बाहेर काढले, जुन्या पद्धतीने जीभ पुढे करणाऱ्या चार म्हाताऱ्यांसाठी. त्यांतली एक त्याची आई, कलाबाई. लेक वेदीपाशी उभा दिसला की बाईचा चेहरा खुलायचा.

एके रविवारी मिस्सा संपल्यावर, वेदीमागच्या खोलीत मला पुसता पुसता तो म्हणाला, "फादर, माझ्या घरी राहणारा समाधान भाडेकरू नाही. आम्ही जोडीदार म्हणून राहतो. आईला सांगितलंय. आता तुमच्यापासून लपवून इथं उभं राहायला नको वाटतं."

फादरांनी दार लोटून घेतले. माणूस वाईट नव्हे. "सनी, चर्च म्हणतं, अशा माणसाचा अपमान करू नका. आणि चर्चच म्हणतं, असं एकत्र राहणं पाप आहे. मला दोन्ही सांगावं लागतं. तुला वेदीपाशी उभं करता येणार नाही, प्रसादही देता येणार नाही. हात दुमडून ये, आशीर्वाद देईन."

सनीने मला टेबलावर ठेवले. त्यानंतर एक सिस्टर मला धरू लागल्या.

कुजबुज होणारच होती. शेजारच्या भागीबाईला तर दम धरवेना. तिने रांगेतच विचारले, "पोरगं परसाद का घेत नाय गं?"

कलाबाई गडबडली. "त्याला गहू सोसत नाय. डॉक्टरनी बंद केलाय."

झाले! भागीबाई पडली मनाची मोठी. पुढच्या रविवारी मिस्सेआधी ती मायलेकांना ओढतच वेदीमागच्या खोलीत फादरांपुढे घेऊन आली. "फादर, गहू चालत नसंल तर पोराला द्राक्षारस द्या की! नाशकात द्राक्षाला काय तोटा हाय?"

बोलणे बिनतोड होते. ज्याला गहू चालत नाही, त्याला चर्च द्राक्षारस देतेच. फादर खाली बघू लागले. सनी आईकडे बघत राहिला. त्याला द्राक्षारस नको होता. आई आपल्याला लपवते की आपले म्हणते, एवढेच त्याला ऐकायचे होते. नुसती मान हलवली असती तरी कलाबाईची अब्रू झाकली गेली असती. मला तिची फार दया आली.

"गव्हाचं काय नाय, भागीबाई. मी खोटं बोलले," कलाबाई म्हणाली. "माझा सनी समाधानसंगं संसार करतो. म्हणून त्याला परसाद नाय."

"अगं बाई!" एवढेच भागीबाईच्या तोंडून निघाले. ती पदर सावरत बाहेर गेली.

मिस्सेत सनी हात दुमडून आला आणि आशीर्वाद घेऊन बाजूला झाला. त्याच्यामागे कलाबाई. सिस्टरांनी मला तिच्या हनुवटीखाली धरले. ती बाई माझ्यासमोरून प्रसाद न घेता कधी गेली नव्हती. फादरांनी चकती उचलली, पण तिने तोंड उघडलेच नाही. दोन्ही हात छातीवर दुमडले.

"कलाबाई, तुम्हाला कोणी अडवलेलं नाही," फादर हळूच म्हणाले.

"ठाऊक हाय, फादर. पण लेकराला वाढल्याबिगर आईला घास गिळवतो का?"

फादरांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी चकती परत पात्रात ठेवली आणि तिला आशीर्वाद दिला. त्यांचे डोळे भरले होते. खालून मला नीट दिसले.

याला वर्ष झाले. नियम आहे तिथेच आहे, आणि त्यावर बोलायला मी पितळेची तबकडी कोण? मायलेक अजून दर रविवारी हात दुमडून येतात आणि तसेच माघारी जातात. भागीबाई आता दुसरीकडे बसते. मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवता, त्याबद्दल आभार. पण मी धातूची आहे, मला एकटे वाटत नाही. कलाबाईच्या बाकावर पाच माणसे मावतात आणि दोघेच बसतात. तुम्ही तिथे जाऊन बसा.