फिशलची नोंद

१९९८च्या मार्चमध्ये झ्लाता पर्लमुटर हैफाहून पोलंडमधल्या वूच शहरात आली ती एका तारखेसाठी. तिच्या वडिलांची, फिशलची, थोरली बहीण गितला दुसऱ्या महायुद्धात तिथल्या घेट्टोत, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, टायफसने गेली, एवढंच घरात ठाऊक होतं. वडील आता सदुसष्ट वर्षांचे होते, हृदय थकलं होतं, आणि आपण जाण्यापूर्वी बहिणीच्या नावाचा दगड बसवायचा त्यांनी ध्यास घेतला होता. स्वतः मात्र त्या गावात पाय ठेवायला ते तयार नव्हते. गितलाबद्दल ते वर्षातून एकदाच, तिच्या स्मरणाची मेणबत्ती लावताना बोलत, आणि तेही एकच सांगत: ती गेली तेव्हा पाच दिवस त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, तिला पांघरुणाखाली झाकून ठेवलं आणि तिच्या वाट्याचा पाव खाल्ला.

दफ्तरखान्यात चौथ्या दिवशी, मृत्यूंच्या नोंदवहीत, आडनाव सापडलं. नाव मात्र गितलाचं नव्हतं. फिशल पर्लमुटर, वय अकरा, टायफस, फेब्रुवारी १९४२. जन्मतारीख वडिलांचीच, आणि आई-बापाच्या रकान्यात झ्लाताच्या आजी-आजोबांचीच नावं. खबर देणारी: बहीण, गितला, वय चौदा.

त्या धामधुमीत कारकुनाने नावांची अदलाबदल केली असेल, असं झ्लाताने स्वतःला समजावलं. नक्कल मागायला ती उठली तेव्हा वह्या सांभाळणारी हालिना म्हणाली, "ह्या पानासाठी गावातल्या एक बाई दरवर्षी येतात. नक्कल नेत नाहीत. नुसत्या बसून राहतात."

"कोण बाई?"

"पर्लमुटरच की. मला वाटलं, त्यांनीच तुम्हाला पाठवलं."

त्याच दुपारी हालिनाने दिलेल्या पत्त्यावर झ्लाता तिसऱ्या मजल्यावरच्या दारापुढे उभी होती. दार उघडणारी म्हातारी ताठ होती आणि तिने दार अर्धंच उघडलं.

"फिशलची मुलगी? अकरा वर्षांच्या पोराला मुलगी कुठून होणार?" ती ज्यूंच्या जुन्या बोलीत, यिद्दिशमध्ये, म्हणाली. "आत ये, जिन्यात तमाशा नको. मागे एक भाचाही असाच उगवला होता. त्याला आमचं जुनं घर हवं होतं."

"मला काही नको, आत्या."

"आत्या म्हणू नकोस."

झ्लाताने वडिलांचा गेल्या वर्षीचा फोटो टेबलावर ठेवला. गितलाने चष्मा चढवला. बराच वेळ पाहून तिने फोटोतल्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

"ही खोक शिवणयंत्राची. मीच ढकललं होतं." मग ती म्हणाली, "म्हातारा झाला असता तर असाच दिसला असता."

"ते जिवंत आहेत."

"माझ्या हातांनी मी त्याला प्रेतांच्या गाडीवर ठेवला. तोही पाच दिवसांनी. पाच दिवस कुणाला सांगितलं नाही, त्याच्या वाट्याचा पाव खाल्ला. छप्पन्न वर्षं ती चव तोंडातून जात नाही, आणि तू मला सांगतेस, तो जिवंत आहे?"

झ्लाताला गप्प राहता आलं असतं, पण ती बोलून गेली. "ते म्हणतात, गेलीस ती तू. पाव त्यांनी खाल्ला."

गितला हसली; त्या हसण्यात गंमत नव्हती. "म्हणजे तेवढंही माझं एकटीचं राहू दिलं नाही त्याने."

झ्लाताने भिंतीजवळच्या फोनवरून घरी फोन लावला. पलीकडून वडिलांचा नेहमीचा घोगरा, धाप लागलेला आवाज आला, "तारीख मिळाली का गं?" काही न सांगता तिने रिसीव्हर गितलाच्या हातात दिला.

गितलाने तो कानाला लावला. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावरचा सगळा कडवटपणा ओसरला आणि त्याच्या जागी जे आलं त्याच्याकडे झ्लाताला पाहवेना. शेवटी तिने रिसीव्हरवर तळवा ठेवला आणि तो अलगद पुढे केला.

"घे," ती हळू आवाजात म्हणाली. "घाबरलाय बिचारा. अकरा वर्षांच्या पोराचा कोवळा आवाज, फुटलेलासुद्धा नाही अजून."

झ्लाताचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.