एका वितीची नजर

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी टेबलावर लेन्सच्या तीन डब्या मांडल्या आणि रफूवाल्याची मती गुंग झाली.

"काका, ही साधी, एका अंतराची. लांबचं स्वच्छ दिसेल, वाचायला चष्मा लागेल. ही तिरपा नंबर घालवणारी. आणि ही प्रीमियम, लांबचं-जवळचं सगळं दाखवते. फक्त अंधारात दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि मिळत्याजुळत्या रंगांतला फरक जरा कमी कळतो."

"लावून बघू का?" रफूवाल्याने विचारलं. कापड चिमटीत चोळल्याशिवाय त्याने जन्मात कधी पसंत केलं नव्हतं.

"डोळ्याच्या आत बसते ती, काका. आधी लावून कशी बघणार?"

झालं! म्हणजे आंधळेपणाने नजर विकत घ्यायची. त्याने एकेक डबी उचलली, उलटी केली, परत ठेवली. मघाशी कुठली कुठे होती तेही आता आठवेना.

"प्रीमियमच द्या," शेजारी बसलेली लेक म्हणाली. "चष्म्याची कटकटच नको."

पण चष्म्याची कटकट त्याला होती कधी? लहानपणापासून त्याला लांबचं दिसत नसे. रस्त्यावर जाड भिंगं चढवायची, आणि कामाला बसलं की ती काढून कापड नाकापासून एका वितीवर धरायचं. त्या वितीवर त्याचं पोट होतं. दुकानाचा रिवाजच होता: रफू केलेली जागा गिऱ्हाइकाने शोधायची, सापडली तर काम फुकट. गेली दोन वर्षं डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, तरी एकालाही जागा सापडली नव्हती. याची त्याला घमेंड होती, आणि का नसावी?

त्याने खिशातून चिंधी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिंधी नाकासमोर धरली. "मला एवढंच हवंय. हे यातल्या कुठल्या डबीत आहे?"

बाईंनी अर्ज पुन्हा पाहिला. "पण इथे व्यवसाय 'निवृत्त' लिहिलाय."

अर्ज लेकीने भरला होता. ती पर्सची चेन उघडझाक करत बसली.

"मी निवृत्त झालो आणि मलाच पत्ता नाही?"

"वय झालं, बाबा," ती एवढंच म्हणाली. तो आणखीच बुचकळ्यात पडला.

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी पट्टीने चिंधीचं अंतर मोजलं आणि गोंधळ मिटवला. "साधीच बसवू, पण जवळच्या नंबराची. रस्त्यावर चष्मा राहील."

"राहू दे. जुना सोबती आहे."

"लोक चष्मा घालवायला येतात," लेक कपाळाला हात लावून म्हणाली.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, थेंब घालून संपले, आणि रफूवाल्याने दुकान उघडलं. लेक डबा घेऊन आली. अंगात तिचा निळा कोट होता, गेल्या वर्षी कोपरावर त्यानेच रफू केलेला.

"हात दे बघू." त्याने कौतुकाने चष्मा काढला आणि बाही वितीवर आणली.

शोधावं लागलंच नाही. निळ्या कापडात हिरवा दोरा होता आणि टाके वेडेवाकडे गेले होते. त्याने बाही उलटी केली, सुलटी केली. डोळे बिघडले की काय? पण कापडाचा धागान् धागा तर लख्ख दिसत होता.

"हे मी केलं?"

लेकीने मान हलवली.

"मग गिऱ्हाइकांना कसं सापडत नव्हतं?"

"सापडायचं, बाबा. प्रत्येकाला सापडायचं. मी त्यांना आधीच दुकानाबाहेर गाठून हात जोडायचे, सापडलं म्हणू नका म्हणून."

आता हिच्यावर चिडावं की हिला जवळ घ्यावं, त्याला काही कळेना. हे बघायलाच का एवढे डोळे करून घेतले? त्याला फार लाज वाटली.

मग त्याने बारीक कात्री उचलली.

"सापडलं," तो म्हणाला. "काम फुकट. कोट काढ."

आणि तो हिरवा दोरा उसवू लागला.