गोरित्सियाच्या नाकावरचे पट्टे

जे. पी. नगरातील नौयुद्ध-खेळ मंडळाने आपल्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर केले आहे : ‘ज्येष्ठ सभासद श्री. दामोदर यांचा इटालियन ताफा कपाट हलवताना गहाळ झाला. मंडळास खेद आहे.’

मित्रांनो, हे कपाट भिंतीत बांधलेले आहे. ते हलवायचे तर इमारत हलवावी लागेल. गहाळ झालेल्यांपैकी मी एक, गोरित्सिया नावाची करंगळीएवढी जुनी शिशाची क्रूझर, म्हणजे खेळातली युद्धनौका. निवेदन लिहिले गेले तेव्हा मी लिहिणाऱ्याच्याच टेबलावर उभी होते. खेद मात्र मला तिथे कुठे दिसला नाही.

माझा जन्म साच्यातला. रूप दिले ते दामोदररावांनी, मल्लेश्वरमच्या घरी. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या या अभियंत्याने भिंगाखाली माझ्या नाकावर तांबडे-पांढरे तिरपे पट्टे रेखले. दुसऱ्या महायुद्धात इटालियन वैमानिकांना आपली जहाजे ओळखता यावीत म्हणून ते असत. दामोदररावांच्या पत्नी अलकाताई म्हणत, “घरात पाणी टँकरनं येतंय आणि ह्यांचं आरमार जेवणाच्या टेबलावर.”

दर रविवारी मंडळात निळे कापड पसरले की समोर इंग्रजी ताफा घेऊन बसत ते चिटणीस योगीराज, मूळचे निपाणीचे. मोजपट्टी कशी धरावी इथपासून रंग किती पातळ करावा इथपर्यंत सारे त्यांना दामोदररावांनीच शिकवले. पुस्तकांत आमचे आरमार हरते. दामोदररावांच्या हाताखाली ते धूर सोडून शहाणपणाने माघार घेई. “सरी अण्णा, ठीक आहे, पुढच्या रविवारी बघतो,” म्हणत योगीराज फासे गोळा करीत.

पुढे दामोदररावांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. मुलीकडे सर्जापूर रोडला राहायला जाताना त्यांनी आम्हाला योगीराजांच्या हवाली केले.

खरी गोरित्सिया इटलीच्या शस्त्रसंधीनंतर कालच्या मित्रांच्याच, जर्मनांच्या, हाती पडली होती. माझ्या बाबतीत इतिहासाने नवे काही सुचवण्याचे कष्ट घेतले नाहीत. पट्ट्यांवर करडा रंग चढला, बुडाखालचे नाव खरवडले गेले, आणि मी इंग्रज झाले. सोबतिणींचेही तेच. दामोदररावांनी फोनवर आमची चौकशी केली, तेव्हा ते निवेदन निघाले.

दामोदरराव परतणार नाहीत, हा योगीराजांचा होरा चुकला. रविवारी ते आले, सांत्वनाचा चहा प्याले आणि सवयीने टेबलावर वाकले. पट्टे झाकले गेले होते. विमान उडवण्याचा रूळ झाकणे रंगाला जमले नव्हते. इंग्रजी क्रूझरवर तो मधोमध असतो, आमच्या नाकावर. इतकी वर्षे समोर बसूनही योगीराजांनी तो पाहिला नव्हता. त्यांचे लक्ष जहाजाकडे नसे, जिंकण्याकडे असे.

“योगीराज,” दामोदरराव हळू म्हणाले, “इंग्रजांनी विमान नाकावर कधी घेतलं रे?”

योगीराजांनी आधी ‘इंग्रज म्हणूनच विकली’ असा दुकानदाराला दोष दिला, मग मंडळाला. दामोदररावांनी मला तळहातावर घेऊन अंगठ्याने नाक चाचपले. नवे पट्टे काढणे त्या डोळ्यांना आता जमणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होते.

मित्रांनो, सांभाळायला घेतलेली वस्तू हातून मोडली तर तसे सांगा. तिचे नाव खरवडू नका. माझ्या शब्दावर विसंबा असे मी म्हणत नाही, कारण माझ्या अंगावर परका गणवेश आहे. आरोपीचेच शब्द जसेच्या तसे देते :

“कपाट-बिपाट काही हललं नाही, अण्णा. तुमच्या डोळ्यांचं असं झालं, तुम्ही मुलीकडं गेलात, म्हटलं आता कशाला परत येताय. तुमची एकही बोट मला कधी बुडवता आली नाही. मग रंगवून माझ्यात घेतली. ब्रशसुद्धा तुमचाच होता.”