उठून दाखव

“मोबाइल जरा खाली घ्या. चेहरा नको, पाय दिसले पाहिजेत,” डॉक्टर म्हणाल्या.

अपेक्षानं मोबाइल गुडघ्यापर्यंत खाली आणला. तिची सहा वर्षांची लेक चैताली सतरंजीवर बसली होती. लॉकडाऊनमुळे कोथरूडचा दवाखाना बंद, म्हणून धायरीच्या घरीच ही व्हिडिओवरची तपासणी चालली होती. चैतालीचा बाप रणजित भिंतीला टेकून उभा होता. त्याची आई सोजरबाई मात्र एका जागी ठरत नव्हत्या. स्वयंपाकघरात जायच्या, बंद असलेला गॅस पुन्हा बघायच्या, परत दारात यायच्या.

“चैताली, आता उभी राहून दाखव बरं. कशालाही न धरता.”

चैतालीनं आजीकडे पाहिलं. सोजरबाई लगबगीनं पुढे झाल्या आणि तिच्या काखेत हात घातला.

“आजी, आपण धरू नका. तिची तिला उठू द्या.”

“अवो, पडंल ती. फरशी निसरडी हाय.”

“सतरंजी आहे खाली. दिसतेय मला.”

“सोडा ना आत्या!” अपेक्षा वैतागली. सोजरबाई तिच्या सख्ख्या आत्या. भावाकडे हट्ट धरून त्यांनीच तिला सून करून आणली होती.

सोजरबाईंनी हात काढून घेतला. गेलं वर्षभर चैताली उठू लागली की कुणी बघायच्या आत त्या तिला उचलून उभी करायच्या. लाडावून ठेवलीय, असं अपेक्षा म्हणायची. त्या ऐकून घ्यायच्या.

चैताली पालथी वळली. दोन्ही हात टेकून तिनं कंबर वर उचलली. मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी ती हळूहळू सरळ झाली.

“झालं!” ती हसली.

“शाब्बास,” डॉक्टर म्हणाल्या. मग विचारलं, “घरात आणखी कुणाला असा त्रास होता? उठायचा, चालायचा?”

“नाही मॅडम,” रणजित म्हणाला. “आमच्यात सगळे दणकट. शेतात राबलेले.”

“नीट आठवा. तुमचं लग्नही नात्यातलं आहे.”

सोजरबाई आत गेल्या. नळ सोडला, बंद केला. ओल्या हातांनीच बाहेर आल्या.

“व्हती,” त्या म्हणाल्या. “चंपा. माझी थोरली.”

“आई, ती तर तापानं गेली ना?”

“ताप शेवटाला आला रं. आधी अशीच उठायची, मांडीवर हात ठिवत. मग उठायचीच राह्यली. दहा वर्साची व्हईस्तोवर कडेवर हिंडवली तिला. लोक म्हणायचे, बाहेरचं हाय. तुझं लगीन अडंल म्हणून तुझ्या बापानं सगळ्यांची तोंडं बंद केली.” त्यांनी अपेक्षाकडे पाहिलं नाही. “आन मग मीच हिला मागून आणली.”

चैताली पुन्हा खाली बसून पायांच्या बोटांशी खेळू लागली.

“आजी, सांगितलंत ते फार बरं झालं,” डॉक्टरांचा आवाज मऊ झाला होता. “कुठली तपासणी करायची ते आता लवकर ठरेल. रक्त घ्यायला घरी माणूस पाठवते. त्याआधी आजाराचं नाव मी घेणार नाही. आणि तुम्हीही स्वतःला दोष देऊ नका. हे कुणाला आधी कळत नसतं.”

फोन बंद झाला. अपेक्षा लेकीला पोटाशी धरून बसली. सोजरबाई तिच्या समोरून दोनदा गेल्या, दोनदा परत आल्या.

“कुठं पुरली तिला?” रणजितनं विचारलं.

सोजरबाई त्याला गॅलरीत घेऊन गेल्या. सोसायटी उभी राहण्याआधी इथं त्यांचंच शेत होतं. कंपाउंडच्या कोपऱ्याकडे त्यांनी बोट केलं. “बोरीखाली. आता तुझी गाडी हाय तिथं.”

हिंजवडीतल्या कंपनीची माणसं ने-आण करणारी त्याची गाडी कामं थांबल्यापासून तिथंच धूळ खात उभी होती. रणजित चपला न घालताच खाली गेला. किल्ली फिरवली, बॅटरी उतरलेली. दार उघडं ठेवून, एका हातानं स्टिअरिंग वळवत तो ती एकटाच ढकलू लागला. गाडी हलेना.

अपेक्षा गॅलरीत आली. क्षणभर बघत राहिली. मग चैतालीला सोजरबाईंच्या शेजारी उभी करून ती खाली उतरली आणि मागून तिनं गाडीला खांदा लावला.

“आजी, मम्मी-पप्पा गाडी का ढकलतायत?”

“जागा करत्यात,” सोजरबाई म्हणाल्या.