रंगवार लावलेला दिवस

शाळेच्या मावशींना दोन गोष्टी सहन होत नसत: ओली पायपुसणी आणि अस्ताव्यस्त भिंत. त्यांतल्या दुसऱ्या गोष्टीने त्या दिवशी सगळा घोळ घातला.

भिंत तिसरीच्या वर्गातली. तिच्यावर एक हिरवी पाटी होती आणि पाटीवर ओळीने आठ चित्रं. हजेरी, गणित, पाणी, वाचन, डबा, मैदान, चित्रकला आणि शेवटी घरी. प्रत्येक चित्रामागे करकर वाजणारी चिकटपट्टी. ही पाटी मदतबाईंनी बनवली होती. मदतबाई म्हणजे ज्या मुलांना शिकताना जास्तीची मदत लागते, त्यांच्या शिक्षिका. कुणाला अक्षरं उलटी दिसत, त्याला त्या वाळूत बोटाने गिरवायला लावत. कुणाला नीट ऐकू येत नसे, त्याला पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसवत, म्हणजे बाईंचे ओठ उजेडात दिसत. आणि पाटी होती कॅप्टनसाठी.

कॅप्टन आठ वर्षांची होती. फारसं बोलत नसे. तिला पुढे काय होणार हे आधी दिसावं लागे. दिसलं नाही की ती कानांवर हात दाबून बाकाखाली शिरायची आणि तासभर बाहेर यायची नाही. पाटी आली आणि पाच महिन्यांत बाकाखालची जागा रिकामी झाली. एक काम झालं की कॅप्टन उठे, चित्र काढून पाटीखालच्या कापडी पिशवीत टाके आणि म्हणे, "झालं." मग सगळा वर्ग पुढच्या कामाला लागे. म्हणून ती कॅप्टन.

मदतबाईंनी तिला एकच शब्द दिला होता. पाटीवर जे लागलं, ते होणार.

आदल्या संध्याकाळी मावशींना कळलं, उद्या तपासणीच्या मॅडम येणार. दिवसभर तिसरीत बसणार आणि ठरवणार, की कॅप्टनने याच शाळेत राहायचं की दोन तासांवरच्या निवासी शाळेत जायचं. कॅप्टनचे वडील न्हावी. दुकान शाळेसमोर, घर दुकानाच्या माडीवर. आई नव्हती. पोरगी तिकडे गेली तर रविवारीच दिसणार.

"भिंत तरी चकाचक दिसू दे," मावशी म्हणाल्या. आठही चित्रं काढून साबणाने धुतली, खिडकीत वाळवली. चित्रं अंगावरच्या लोकरी स्वेटरला चिकटून बसत होती, ती सोडवता सोडवता परत लावली. लावताना लक्षात आलं, की चित्रांच्या कडा रंगीत आहेत. खाण्यापिण्याच्या पिवळ्या, उठून जाण्याच्या हिरव्या, बसून करण्याच्या निळ्या. आणि आजवर ही सगळी मिसळलेली! काय हा गबाळेपणा! मावशींनी पिवळ्यात पिवळी, हिरव्यात हिरवी, निळ्यात निळी अशी झकास ओळ लावली आणि समाधानाने घरी गेल्या.

सकाळी आठला पाच कमी असताना मदतबाई वर्गात आल्या आणि दारातच थांबल्या.

"मावशी."

"छान दिसतंय ना?"

"मावशी, हा क्रम आहे दिवसाचा. आधी डबा, मग पाणी, मग मैदान, मग घरी. आणि त्यानंतर हजेरी!"

मावशी पाटीकडे वळल्या. "थांबा, आत्ता बदलते—"

"आता नाही बदलता येणार," मदतबाई हळूच म्हणाल्या. पाटीसमोर, पाठीला दप्तर, कॅप्टन उभी होती. बोटाने एकेक चित्र वाचत होती. शेवटच्या निळ्यापर्यंत पोचली, मागे वळली, बाकावर बसली आणि तिने डबा उघडला.

नेमक्या त्याच क्षणी मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, तपासणीच्या मॅडमना घेऊन आत आले.

"हा आमचा तिसरीचा वर्ग," मोठे सर म्हणाले. "आता हजेरी होई..." आणि त्यांनी एकतीस डबे उघडलेले पाहिले. कॅप्टनने उघडला म्हटल्यावर बाकीचे कशाला मागे राहतात!

"सर," मदतबाईंनी त्यांना कोपऱ्यात घेतलं, "पाटी चुकून बदलली. पण तिने पाहिलीय."

"मग पुन्हा बदला!"

"शब्द दिलाय."

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला. मॅडमच्या हातात एक फॉर्म होता आणि पेन्सिल. फॉर्ममधला सातवा प्रश्न मावशींनी झाडू मारता मारता वाचून घेतला: वेळापत्रकातला बदल मूल स्वीकारते का? पेन्सिलीचं टोक 'नाही'वर टेकलेलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी चौथीला वास लागला. सव्वाआठला दुसरी दारात जमली. "त्यांना डबा आणि आम्हाला पाढे?" एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून मोठ्या सरांना म्हणाली, "हे बरं दिसतं का, सर?" मोठे सर घंटेकडे गेले. अख्ख्या शाळेची घंटा झाली आणि सगळी शाळा सकाळी सव्वाआठला जेवायला बसली. मोठ्या सरांनीही आपला डबा काढला. नाइलाज म्हणून काढला, पण चाटूनपुसून संपवला.

"झालं," कॅप्टन म्हणाली. पाणी. "झालं." मैदान. दोनशे मुलं भरल्या पोटी पळाली, तीन जणांना उचक्या लागल्या, त्या ऐकून बाकीच्यांनी खोट्या उचक्या काढल्या. मॅडम मैदानाच्या कडेला ताठ उभ्या होत्या. एक चेंडू येऊन त्यांच्या पायाशी थांबला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि असा काही लाथाडला, की तो कुंपणापलीकडे गेला.

"आऊट!" मुलं ओरडली.

"झालं," कॅप्टन म्हणाली आणि दप्तर उचललं. पुढचं चित्र: घरी.

"आता?" मावशींनी विचारलं.

"आता घरी जायचं," मदतबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीसकट अख्खी पाटी काढून काखेत मारली. "बाकीच्या वर्गांचं सर बघतील. तिसरी, रांग करा!"

"कुणाच्या घरी, बाई?"

"कॅप्टनच्या. एकतीस घरी कुठे जाणार?"

नऊ वाजता न्हावी एका पोस्टमनची दाढी करत होता. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर फेस. दार उघडलं आणि एकतीस मुलं, दोन बाया, एक सरकारी मॅडम आणि एक पाटी आत आली. त्याचा वस्तरा हवेतच राहिला.

"काय झालं? बरं आहे ना पोरीला?"

"सगळं बरं आहे, दादा," मावशी म्हणाल्या. "शाळा सुटलीय. थोडा वेळ."

रोजच्यासारखी कॅप्टन माडीवर गेली. बूट काढून फडताळाखाली ठेवले, हात धुतले, आपल्या खिडकीपाशी बसली. तिच्यामागे तीस जणांनी बूट काढले. जिन्यावर साठ बूट झाले आणि त्यांतून पोस्टमनला वाट सापडेना, कारण वरची गंमत बघायला तो खुर्चीतून उठला होता. रिकामी खुर्ची पाहून दमलेल्या मॅडम तिच्यात टेकल्या. ती फिरती खुर्ची होती.

"मॅडम, घट्ट धरा हं," एक मुलगी म्हणाली आणि चौघींनी मिळून फिरवली.

एक फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला मॅडमच्या अंबाड्याची पिन उडाली. मावशींनी डोळे मिटून घेतले. आता संपलं सगळं. मग खुर्ची थांबली आणि मॅडमचा आवाज आला.

"दुसऱ्या बाजूनं पण फिरते का?"

इतका गोंधळ चालला होता आणि मावशींना मात्र एकाच गोष्टीची धास्ती: घरी आलेली पोर परत शाळेत येईल का? आजवर घर म्हणजे दिवसाचा शेवट. मदतबाईंनी माडीवर जाऊन खिडकीला पाटी टेकवली. कॅप्टनने पाटी पाहिली. बापाचा फोटो लावलेलं घरीचं चित्र काढलं, पिशवीत टाकलं. "झालं." पुढे निळं चित्र होतं, हजेरीचं. ती बूट घालायला बसली.

मावशींनी जिन्यावरच बसकण मारली.

परत जाताना कॅप्टनने बापाचं बोट सोडलं नाही, म्हणून तोही शाळेत आला. मदतबाईंनी हजेरीत त्याचंही नाव घेतलं. तो दचकून म्हणाला, "हजर!" आणि वर्ग हसून लोटपोट झाला. पोस्टमन अर्ध्या दाढीनिशी मागे राहिला. टपाल कुणासाठी थांबत नाही. खांद्याला पिशवी लावून तसाच निघाला आणि रस्त्याच्या एका बाजूची माणसं त्याला वेगळं हसली, दुसऱ्या बाजूची वेगळं.

गणित झालं. वाचन झालं. चित्रकलेत पंचवीस जणांनी खुर्चीतल्या मॅडम काढल्या. एक वाजता घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, न्हावी फाटकाशी जाऊन उभा राहिला. कॅप्टन बसून राहिली.

पाटी कोरी होती. घरीचं चित्र पिशवीत, झालेल्यांत गेलेलं. आजच्या दिवसाला शेवटच नव्हता.

तिने खिडकीतून बापाकडे पाहिलं, मग पाटीकडे. हात कानांच्या दिशेने निघाले.

मोठे सर कुजबुजले, "लावा ना ते चित्र परत!"

"झालेलं चित्र मीच परत लावलं," मदतबाई म्हणाल्या, "तर उद्यापासून ती कुठल्याच चित्रावर विश्वास ठेवणार नाही." मॅडमची पेन्सिल पुन्हा सातव्या प्रश्नावर आली.

मावशी पुढे झाल्या. स्वेटरच्या खिशातून त्यांनी एक गुलाबी चित्र काढलं. दोन वाकडे बाण. हे चित्र म्हणजे बदल; ठरलेलं बदललं की लावायचं. मदतबाईंनी ते कॅप्टनला अकरा वेळा दिलं होतं आणि अकराही वेळा ते खिडकीबाहेर गेलं होतं. दर वेळी मावशी फुलझाडांतून शोधून, पुसून परत आणत; अकराव्या वेळचं खिशातच राहिलं होतं.

त्या कॅप्टनसमोर जमिनीवर बसल्या. "बाळा, ही चित्रं मी लावली. चुकीची लावली. छान दिसावीत म्हणून. आज जो सगळा बदल झाला ना, तो मी केला." आणि गुलाबी चित्र पुढे धरलं.

कॅप्टनने ते घेतलं. खिडकीकडे पाहिलं.

मग तिने मावशींकडे पाहिलं, बराच वेळ, पाटी वाचावी तसं. आणि गुलाबी चित्र मावशींच्या छातीवर दाबलं. लोकरीला चिकटपट्टी करकन चिकटली.

ती उठली. पिशवीत हात घातला, घरीचं चित्र शोधलं, स्वतःच्या हाताने पाटीवर लावलं आणि दप्तर उचललं.

मॅडमनी सातव्या प्रश्नावर 'हो'ला खूण केली, इतकी जोरात, की पेन्सिलीचं टोक तुटलं. मोडक्या टोकाने त्यांनी खाली लिहिलं: मूल इथेच राहील. मग केस चाचपत मदतबाईंना म्हणाल्या, "बदल स्वीकारायला मला मात्र खुर्ची लागली."

फाटकाशी न्हाव्याला कळलं. तो मावशींच्या स्वेटरवरच्या बाणांकडे बघत राहिला आणि बाहीने नाक पुसलं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेने पोस्टमन आला. रिकामी पिशवी, वाळलेला फेस.

"आता तरी?"

कॅप्टनने त्याचा डावा गाल पाहिला, उजवा पाहिला. कपाळाला आठी पडली. एका हाताने बापाला आणि दुसऱ्याने पोस्टमनला ओढत ती रस्ता ओलांडून दुकानात शिरली आणि खुर्चीशेजारी उभी राहिली. मावशी फाटकातून बघत होत्या. नवा फेस, वस्तरा, एक रेघ, दुसरी रेघ, टॉवेल.

काचेआडून आवाज आला नाही, पण ओठ उजेडात स्पष्ट दिसले. "झालं."