माळ जाळण्याची परवानगी

कचेरीत त्यांना सगळे चौकटवाल्या बाई म्हणत. मीटरभराची लाकडी चौकट माळावर ठेवायची, आत कोणतं गवत किती आहे ते मोजायचं, की पुढच्या खुणेकडे निघायचं. वीस वर्षं हेच. आणि वीस वर्षांपूर्वी याच बाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की माळ वाचवायचा असेल तर गुरं बाहेर काढा, कुंपण घाला आणि आत ठिणगीसुद्धा पडू देऊ नका. सगळ्यात आधी बाहेर काढली गेली ती त्यांच्या सख्ख्या भावाची गुरं.

माळाने मात्र बाईंचं काही ऐकलं नाही. चरायला तोंड नाही, जाळायला हात नाही, म्हणून गवत उभ्या उभ्या वाळलं, आडवं पडलं आणि वर्षावर्षाला गादीसारखं साचत गेलं. त्याखाली नवे कोंब गुदमरले. पूर्वी बोटभर असतानाच आगीत संपणारी काटेरी झुडपं आता माणसाच्या डोक्यावर गेली. त्यात पाऊस लहरी झाला, उन्हाळा लांबला. हरणं केव्हाच पांगली. उरली ती फक्त मोठ्या माळपक्ष्यांची एक जोडी. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालणारा हा पक्षी. चहूकडे लांबवर दिसलं तरच मादी बसते. या मादीला बाई 'मालकीणबाई' म्हणत. मालकीणबाईंनी चार वर्षांत अंडं घातलं नव्हतं.

तेव्हा बाईंनी नाक मुठीत धरून अर्ज केला, की माळ जाळू द्या. आपणच घातलेली बंदी उठवायची म्हणजे काय लाज वाटली असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. परवानगी आज येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी भोवतीने जाळरेषाही खणून घेतली: आग बाहेर जाऊ नये म्हणून दहा पावलं रुंद पट्टा, गवत-काटे साफ, नुसती माती. अर्ज मात्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. कागद हातात पडला तेव्हा महिना संपायला पाच दिवस होते, आणि मुदत महिनाअखेरपर्यंतच होती.

बाई भावाकडे गेल्या. बंदी येईपर्यंत वर्षानुवर्षं तो माळ तुकड्यातुकड्याने जाळत आला होता.

"या साहेबीणबाई," तो म्हणाला. "आज वाट चुकलात?"

"दादा, टोमणे नंतर मार. जाळायला येतोस का, एवढं सांग."

त्याने कुंपणाकडची एक काडी उपटली आणि बोटांनी दुमडली. ती कटकन तुटली.

"हे बघ. काडी वाकते ना, अर्धी हिरवी असते, तेव्हा जाळायचं. आग मग गुडघ्याएवढी चालते. आत्ता पेटवलंस तर वीस वर्षांचं एकदम पेटेल."

"पुन्हा कागद मिळणार नाही रे. पुढच्या वर्षी ती जोडीही नसेल."

"मग मला कशाला विचारतेस?"

तो आला नाही. बाईंनी आदल्या दिवशी माणसं लावून आतला माळ पिंजून काढला. घरटं कुठेच नव्हतं. मालकीणबाई तीन आठवडे दिसल्या नव्हत्या. गेल्या असतील शेजारच्या माळावर, असं बाईंनी धरलं आणि पेटवायला सांगितलं.

आग गुडघ्याएवढी चालली नाही. ती काट्यांवर चढली, तिथून जुन्या झाडांच्या शेंड्यांवर गेली. शंभर आगी पाहिलेली जाड सालीची झाडं वरून पेटली. जाळरेषेवरची माणसं तोंड झाकून मागे पळाली, कारण दहा पावलांपलीकडेही उभं राहवेना.

दुपारी दादा धूर पाहून आला. त्यालाच ती दिसली. जाळरेषेवर, अगदी मधोमध, मालकीणबाई बसलेल्या होत्या. पिसं होरपळलेली, मान जमिनीला चिकटवलेली. आग मातीवर आलीच नव्हती, नुसत्या धगीने तिचा जीव घेतला होता. दादाने तिला उचललं तेव्हा खाली अंडं होतं.

सगळ्या माळावर लांबवर दिसेल अशी उघडी जमीन तेवढीच होती, आणि ती बाईंनी स्वतः उभं राहून साफ करून घेतली होती. घरटी शोधली ती आत. पट्ट्यावर शोधायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, त्यांच्याही नाही.

"ती उडाली का नाही रे?" बाईंनी विचारलं.

"अंड्यावरची उडत नाही. तुला माहीत आहे."

माहीत होतं. त्यांनीच तसं अहवालात लिहिलं होतं. त्या तिथेच मातीत बसल्या आणि मोठ्याने रडल्या.

दहा दिवसांनी काळ्या जमिनीतून हिरवी लव वर आली. काटे गेले होते, नजर पोचेल तिथवर माळ मोकळा होता. त्या सकाळी नर परत आला. तो मधल्या उंचवट्यावर उभा राहिला, त्याने गळ्याची पिशवी फुगवली, शेपूट पाठीवर उलटी टाकली आणि खोल आवाजात मादीला हाक घालायला सुरुवात केली. बाई कुंपणापाशी उभ्या होत्या. ऊन चढेपर्यंत तो थांबला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही आला.