उनाची शिट्टी

टॉर्किल मॅक्रेच्या परसात त्या उन्हाळ्यात कोण कोण येऊन गेलं, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं तर अख्खा दिवस आणि व्हिस्कीची निम्मी बाटली लागली असती. एक हरीण रोज पहाटे आत यायचं, कोबीचे गड्डे नाकाने दाबून दाबून बघायचं, त्यातला घट्ट असेल तो खायचं आणि जाताना फाटक लावून घ्यायचं. ओढ्यातल्या पाणमांजराने त्याचे लोकरीचे मोजे पळवले होते आणि एक पायात होत नाही म्हणून परत आणून टाकला होता. चिलटांचं तर विचारूच नका. मागच्या जूनमध्ये त्यांनी पोस्टमनला सायकलसकट उचलून खाडीपलीकडे नेऊन ठेवलं होतं, पत्रं मात्र भिजू दिली नव्हती. स्ट्रोनबेग गावात यातल्या एका अक्षरावरही कोणाचा विश्वास नव्हता, आणि ऐकायला मात्र सगळे थांबत.

एकच गोष्ट खरी होती, आणि ती त्याने कोणालाच सांगितली नव्हती.

स्वयंपाकघराच्या छपराखाली, पन्हळीच्या मागे, एक भोक होतं. तिथे गेली काही वर्षं एक मैना राहत होती. काळी, उन्हात तेल सांडल्यासारखी हिरवी-जांभळी चमकणारी, अंगभर ठिपके. कानावर पडेल ते उचलायची. फाटकाची करकर, दोस्त रोरीचा खोकला, शेजारच्या जेसिनाच्या कोंबडीचा अंडं घातल्याचा गाजावाजा, सगळं तिच्या गळ्यात होतं. या पक्ष्यांत गातो तो नर, असं दुर्बिणी घेऊन येणारे पाहुणे सांगत. टॉर्किलला ते पटत नसे. त्याच्या घरात इतकी वर्षं आवाज बाईचाच चालत आला होता.

बाई म्हणजे उना, त्याची बायको. ती त्याला नावाने हाक मारत नसे. "हाक मारली की तुला ऐकू येत नाही. कुत्र्याला कळतं ते तरी तुला कळेल," म्हणायची आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची. दोन लांब, एक आखूड आणि शेवट वर उडालेला, 'येतोयस की नाही?' असं विचारल्यासारखा. मग टॉर्किल जिथे असेल तिथून "आलो" म्हणायचा आणि यायचा. ती शिट्टी ऐकून समुद्रातले सीलसुद्धा किनाऱ्याला लागायचे आणि जेवायला काय आहे ते बघून परत जायचे, असं तो सांगे.

मार्चमधल्या वादळात उनाच्या छातीत कफ झाला आणि ती गेली.

एप्रिलमध्ये टॉर्किल परसात बटाटे लावत होता. मागून शिट्टी आली. दोन लांब, एक आखूड, शेवट वर. "आलो," म्हणत तो उठला. कुदळ भिंतीला टेकवली, दारात बूट काढले, हात धुतले आणि टेबलापाशी येऊन उभा राहिला. टेबलावर काही नव्हतं. चूल थंड होती. बाहेर पन्हळीवर बसून मैनेने पुन्हा बोलावलं.

त्या दिवसापासून त्याने खुर्चीच परसात नेऊन ठेवली. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटे, म्हातारा पाखरं बघतोय. तो बघतही होता. हरीण, पाणमांजर, कोबीवरची फुलपाखरं, सगळ्यांकडे लक्ष होतं. पण कान पन्हळीकडे असत. ओटचे दाणे टाकायचा, चरबीचे तुकडे टाकायचा, मांजर फिरकू द्यायचा नाही. आणि शिट्टी आली की दर वेळी, कितीही वेळा, "आलो" म्हणायचा.

जून लागला आणि पंचाईत झाली.

ऑगस्टच्या शेवटी गावचा मेळा भरतो. झाडाची खोडं फेकणारे गडी, तलवारींवर नाचणाऱ्या पोरी आणि कॅनडाहून येणारे पाहुणे. पणजोबा इथून बोटीत बसले एवढ्या पुण्याईवर ते गावापेक्षा कडक किल्ट घालून मिरवतात. मेळा सुरू होण्याआधी गावातला सगळ्यांत जुना पाइपवाला बॅगपाइप घेऊन मैदानात एकटा उभा राहतो आणि त्या वर्षात गेलेल्यांसाठी शोकाची धून वाजवतो. ही धून कागदावर नाही. टॉर्किलला ती त्याच्या बापाने तोंडाने गाऊन शिकवली, बापाला त्याच्या बापाने. यात एक सूरही बदललेला नाही, हे प्रत्येकाने शपथेवर सांगितलेलं आहे.

दर वर्षी जून ते ऑगस्ट टॉर्किल रोज परसात त्या धुनीचा रियाज करी. दोन उन्हाळ्यांमागे मैनेने त्यातले चार सूर उचलले होते. तेव्हा उना म्हणाली होती, "एक पाइपवाला कमी होता म्हणून आता छपरावर दुसरा." ते चार सूर येताना मैनेचं जुनं काहीतरी गळून गेलं होतं, बहुधा फाटकाची करकर. फाटक रोज करकरत होतं म्हणून ती तिने पुन्हा उचलली. उना मात्र आता पुन्हा शिट्टी मारणार नव्हती.

टॉर्किलने बॅगपाइप पेटीत घातला आणि वर घोंगड्या रचल्या.

जुलैमध्ये रोरी आला. मेळ्याचं सगळं तोच बघायचा, आणि शाळेत दोघांनी एकाच बाकावर मार खाल्लेला.

"पाइप वाजताना ऐकू येत नाही यंदा."

"पिशवी उंदरांनी खाल्ली."

"दाखव."

"उंदीर मांजरीनं खाल्ले."

"तुझ्याकडे मांजर कुठाय?"

"हाकलली. उंदीर खायची."

रोरी हसला नाही. फळीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "टॉर्किल, यंदाच्या नावांत उना आहे. तिच्यासाठी दुसऱ्या कुणी वाजवायचं? डंकनच्या जावयानं? तो वाजवतो तेव्हा गाई आटतात."

"तिला चालेल. तिला पाइप कधी आवडला नाही."

"दर वर्षी पहिल्या रांगेत बसायची."

"कानात लोकर घालून."

"बसायची ना पण?" रोरी म्हणाला. "आपलं माणूस गेल्यावर एवढं एक करायचं असतं. तुला तेवढंही होत नाही, असं गाव म्हणतंय. मी नाही म्हणत. पण मलाही कळत नाहीये, म्हाताऱ्या."

मैनेचं सगळं टॉर्किलच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण फाटक लावणाऱ्या हरणाच्या मालकावर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला तर आणखी वाईट. सगळं गाव परसात येऊन बसलं असतं, पाठोपाठ कॅनडावाले कॅमेरे घेऊन.

"गावाला म्हणू दे," तो म्हणाला.

रोरी गेला. जाताना त्याने फाटक जरा जोरातच ओढलं.

त्याच सुमारास मैना गप्प झाली. पिल्लं उडून गेली होती, तिची पिसं झडत होती. पन्हळीवर जुन्या ब्रशासारखी बसून राहायची आणि चोच उघडायची नाही. दर उन्हाळ्यात ती अशी गप्प होत असेलही. पण आधीच्या उन्हाळ्यांत टॉर्किलने तिच्याकडे कधी लक्ष दिलं होतं? त्याला वाटलं, विसरतेय. रोज कानावर घातलं नाही तर धून विसरते, हे तर बापाने कानशिलात देऊन शिकवलं होतं.

मग त्याने बापाने केलं तेच केलं. पन्हळीखाली खुर्ची ओढली, दोन बोटं तोंडात घातली आणि मैनेला उनाची शिट्टी शिकवू लागला. सकाळ-संध्याकाळ. त्याचा पुढचा एक दात नव्हता. सीलशी झालेल्या मारामारीत गेला, असं तो सांगे. गेला होता उनाने केलेल्या साखरेच्या वडीत. त्या फटीतून शिट्टीबरोबर फुस्स अशी हवा जायची. आणि शेवट वर न्यायचा तिथे त्याचा दम संपायचा. पण त्याला स्वतःला ती बरोबरच ऐकू येत होती.

भिंतीपलीकडून शेजारीण जेसिना कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "टॉर्किल, किटली उतरव की चुलीवरून. केव्हाची शिट्ट्या मारतेय."

"ही उनाची शिट्टी आहे."

जेसिना थांबली. तिने एक उशीचा अभ्रा दोनदा झटकला. "हो की," ती म्हणाली. "अगदी तश्शीच."

जन्मभर थापा मारलेल्या माणसाला दुसऱ्याची थाप ओळखू आली नाही.

मेळ्याच्या आदल्या सकाळी टॉर्किल पायरीवर बसून खीर खात होता. मैना पन्हळीवर आली. नवी पिसं, नवे ठिपके, नुकतीच इस्त्री केल्यासारखी. मान फुगवली आणि शिट्टी मारली.

दोन लांब, फुस्स, फुस्स. एक आखूड. शेवट खाली.

"आ," एवढं टॉर्किलच्या तोंडून बाहेर पडलं, आणि तिथेच राहिलं.

तिने पुन्हा मारली. दाताची फट होती, दम तुटला होता. काही म्हणता काही सुटलं नव्हतं. चेला म्हणावा तर असा. त्याने वाट पाहिली. जुनी कुठेतरी खाली असेल, करकर आणि खोकला संपला की येईल. करकर आली. खोकला आला. कोंबडी आली. मग पुन्हा फुस्स.

त्याने डोळे मिटून उनाची शिट्टी मनात आणायचा प्रयत्न केला. मनातही फुस्सच आली.

तो तसाच मोज्यांवर भिंतीपाशी गेला. "जेसिना, खरं सांग. कशी होती तिची?"

जेसिनाने हात पुसले. ओठ मुडपून फुंकून बघितलं, एकदा, दोनदा. "मला नाही येत रे. तिची दोन बोटांची होती. शेवट वर जायचा, एवढं आठवतंय."

"वर म्हणजे किती वर?"

"वर, म्हणजे..." तिने हात उचलला, हवेतच धरला, जरा वर नेला, जरा खाली आणला. मग नसलेली घडी शोधावी तसा तो हात ॲप्रनवरून फिरवत राहिली. "आता कसं सांगू, टॉर्किल."

दुपारी त्याने घोंगड्या काढल्या. पिशवी उंदरांनी खाल्लेली नव्हती. संध्याकाळपर्यंत परसात धून वाजत राहिली. मैना पन्हळीवर बसून ऐकत होती. आता तिने हवं ते उचलावं. राखायचं असं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानात तो एकटा उभा राहिला. नावं वाचली गेली, उनाचं शेवटून दुसरं, आणि त्याने धून वाजवली. पहिल्या रांगेत एक खुर्ची रोरीने रिकामी ठेवली होती. कॅनडावाल्यांनीही टोप्या काढल्या.

"एक सूर इकडचा तिकडे झाला नाही," नंतर रोरी म्हणाला.

"तुला काय ठाऊक," टॉर्किल म्हणाला. "मला काय ठाऊक."

रोरीला ते कळलं नाही. त्याने ग्लास पुढे केला आणि पाहुण्यांना हाक मारली. "या इकडे. याच्याकडे एक हरीण आहे. सांग रे, जाताना काय करतं ते."

टॉर्किलने ग्लासात बघितलं. "आता नाही करत," तो म्हणाला. "आता फाटक उघडंच टाकून जातं."

सगळे हसले.

तो घरी आला तेव्हा ऊन अजून परसात होतं. कोबीत काहीतरी हललं. त्याने बघितलं नाही. किल्टसकट तो खुर्चीवर बसला. पन्हळीवरून शिट्टी आली. दोन लांब, फुस्स, फुस्स. एक आखूड. शेवट खाली, दमलेल्या म्हाताऱ्यासारखा.

तो उठला नाही. तिने पुन्हा बोलावलं.

"आलो," टॉर्किल म्हणाला. दारात बूट काढले, आत गेला आणि स्वतःच चूल पेटवायला बसला.